मूक मोर्चाची प्रतिमा : समाजमाध्यमे आणि तरुणांचा असंतोष

तरुणांचा असंतोष हा मराठी समीक्षेला अपरिचित विषय नाही. साठोत्तरी लघुअनियतकालिकांनी आणि १९७२ नंतर दलित पँथरशी संबंधित कवींनी त्याला स्वतंत्र भाषा मिळवून दिली. त्या असंतोषाची संहिता उपलब्ध आहे. तिच्यावर लेखकाचे नाव आहे, संपादकाची जबाबदारी आहे, प्रकाशनाचे वर्ष आहे. आजचा असंतोष मात्र प्रथम भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटतो आणि हातोहात पुढे धाडला जातो. अशा मजकुराचा कर्ता बहुधा अज्ञात राहतो. असंतोषाचे आकलन घडविण्यात या कर्तृत्वहीन संहितेचा वाटा किती, हा प्रश्न केवळ समाजशास्त्राचा नसून साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.

नगर जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये याच शहरात सुरू झाले. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' दीर्घकाळ चालविला. ग्रामीण असंतोषाला छापील शब्द देण्याची परंपरा येथे जुनी आहे. त्या शब्दाला प्रत्युत्तर देता येत असे, कारण तो कोणाचा हे ठाऊक असे.

१३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. ही वार्ता आणि तिच्यामागचा संताप समाजमाध्यमांतून वेगाने पसरला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद येथे पहिला मराठा मूक मोर्चा निघाला आणि बरोबर एका वर्षाने मुंबईत विराट मोर्चा झाला. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत, निवेदन देण्यासाठी मुली पुढे, हा या मोर्चांचा शिष्टाचार माध्यमांनीच गावोगावी पोहोचविला. मौन हे येथे अभिव्यक्तीचे रूप झाले, ही बाब नि:संशय लक्षणीय आहे.

परंतु मौनाचा अर्थ लावण्याचे काम शेवटी प्रतिमेकडे गेले. उंचावरून टिपलेला जनसागर छायाचित्रात मावतो. तुकडे पडलेली जमीन, न परवडणारे शिक्षण आणि न मिळणारी नोकरी त्यात मावत नाही. आरोपी दलित समाजातील असल्याने आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी पुढे आल्याने त्याच मौनाकडे एका वस्तीत न्यायाची हाक म्हणून, तर दुसऱ्या वस्तीत धाक म्हणून पाहिले गेले. संहिता एकच होती. तिचे वाचन मात्र जातीगणिक बदलले. ज्याच्या पडद्यावर जे येते तेवढेच त्याला दिसते, आणि तेच सर्वांना दिसते असा त्याचा समज होतो.

याच जिल्ह्यातील दुसरी घटना या संदर्भात विसरता येत नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. निषेध तेव्हाही झाला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात खर्डा प्रकरणातील आरोपी निर्दोष सुटले. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत, अशी गरज किती जणांना वाटली? कोणाचे दु:ख 'तरुणांचा उद्रेक' ठरते आणि कोणाचे 'प्रकरण' म्हणून मिटते, याचा निर्णय माध्यमांच्या वेगावर सोडता येणार नाही.

हाच न्याय शेतकरी संपालाही लागू पडतो. राहाता तालुक्यातील पुणतांब्याच्या पुढाकाराने १ जून २०१७ रोजी संप सुरू झाला. शेतमालाच्या भावाचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे दृश्य मात्र नासाडीच्या चर्चेचा विषय झाले. दृश्य खोटे नव्हते. ते कारणापासून तोडलेले होते.

समाजमाध्यमांमुळे उपेक्षितांना वाचा फुटली, हा युक्तिवाद खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला, हेही त्याच माध्यमाच्या काळातील सत्य आहे. वाचा फुटणे आणि विवेक सुटणे या दोन्ही शक्यता तेथे एकत्र नांदतात.

म्हणून मराठी विभागांनी या मजकुराकडे क्षुद्र म्हणून पाठ फिरवू नये. मोर्चांची पत्रके, आचारसंहिता, फलक आणि पुढे धाडलेले संदेश तारखेनिशी संकलित व्हावेत, पाठभेद नोंदवावेत, कोणता शब्द केव्हा गळला आणि कोणता केव्हा घुसला, हे तपासावे. पाठचिकित्सेची शिस्त हस्तलिखितांपुरती राखून ठेवण्याचे प्रयोजन नाही. हे काम आज झाले नाही, तर उद्याच्या अभ्यासकाला या पिढीच्या असंतोषाची गर्दी तेवढी दिसेल. तिचे म्हणणे काय होते, हे त्याला कळणार नाही.