राजा चारदा बदलला, महारवाडा तिथंच

पिंपळगाव राजा. तालुका खामगाव, जिल्हा बुलडाणा. गावाच्या नावातच राजा आहे, त्यामुळं प्रजा कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे गाव जागचं हललेलं नाही. पण धनी बघा किती झाले. १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला, कारभार नागपुरातून. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वरचा शिक्का चारदा बदलला. माझी आजी म्हणायची, "राज्य बदल्लं म्हनत. आमाले तं पाटील तोच दिसे."

आजी शाळेत गेली नव्हती. पण संघराज्यावर इतकं नेमकं वाक्य मी अजून कुठल्या प्रोफेसरच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता दर २६ नोव्हेंबरला लाउडस्पीकरवरून उद्देशिका वाचतात. हार, फोटो, पेढे. एक पुढारी म्हणतो, दिल्ली राज्यांचे अधिकार खातेय. दुसरा म्हणतो, केंद्र मजबूत पाहिजे, देश एक पाहिजे. दोघांच्याही हातात बाबासाहेबांचीच घटना. दोस्तहो, हे भांडण माडीवरचं आहे. आपण तळघरात राहतो. आपण एवढंच विचारायचं : माडीवरून खाली येणारा जिना कुणाच्या ताब्यात आहे?

घटना काही आभाळातून पडलेली नाही. १९४६ ची घटना समिती प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडली. त्या विधिमंडळांना मत देणारे कोण, तर मालमत्तेच्या नि शिक्षणाच्या अटीत बसणारे. तुझा-माझा पणजोबा त्यात नव्हता. बाबासाहेबांना मुंबईतून वाट नव्हती. ते जोगेंद्रनाथ मंडलांच्या साथीनं बंगालमधून गेले. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा जुलै १९४७ मध्ये मुंबईतून आले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली.

त्याआधी, १९४७ मध्येच, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन दिलं होतं. आपल्यापैकी कितीजणांनी ते उघडलंय? त्यात शेतजमीन सरकारच्या मालकीची करा म्हटलंय. जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीला द्या. कुणी जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. आणि हे सगळं घटनेतच लिहा, बहुमतवाल्यांच्या मर्जीवर सोडू नका. हे त्या सभागृहानं घेतलं नाही. जमीन गेली राज्यांच्या सूचीत, १८ वी नोंद. आर्थिक न्याय गेला मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांच्यासाठी कोर्टात जाता येत नाही, असं ३७ वं कलमच सांगतं. म्हणून १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपली माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. घटना होऊन पंधरा वर्षं होत आली होती.

मग घटनेत आपलं काय उरलं? उरलं ते लई मोलाचं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावगाड्याचं गोडवेगान फाडून टाकलं. गाव हे संकुचितपणाचं डबकं आहे, म्हणून घटनेचा घटक गाव नाही, माणूस आहे, असं त्यांनी सांगितलं. सत्ता वर का ठेवली याचं उत्तर इथं आहे. ती दिल्लीच्या प्रेमापोटी वर ठेवली नाही. खाली गावकी बसलेली होती म्हणून वर ठेवली.

१७ वं कलम सगळ्यांना पाठ आहे : अस्पृश्यता नष्ट. पण ३५ वं कलम वाच. या गुन्ह्याची शिक्षा ठरवणारा कायदा फक्त संसद करील, राज्याच्या विधिमंडळाला तो अधिकारच नाही. म्हणजे आपल्या अंगावरच्या जखमेचा हिशेब त्यांनी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या हातातून मुद्दाम काढून घेतला. त्यातूनच १९५५ चा कायदा आला, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला.

आणि इथंच जिना तुटतो. पोलीस राज्याच्या सूचीत, २ री नोंद. पंचायत राज्याच्या सूचीत, ५ वी नोंद. कायदा दिल्लीचा, काठी मुंबईची, आणि काठी धरणारा हात पाटलाच्या ओळखीचा.

जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या मावसभावाचं डोकं फुटलं. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात तो रक्ताच्या शर्टानं गेला. त्याला सांगण्यात आलं, "गावात राहायचंय ना? साधी हाणामारी लिहू." मी मुंबईत गोदीवर, रात्रपाळीला. फोनवर त्याला कायद्याची कलमं सांगत होतो. तो म्हणाला, "कलम तुह्यापाशी हाय दादा, ठानेदार इथं हाय." त्यानं सही केली.

मी स्टीलच्या कॉइलींना स्लिंग लावतो. मोठी बंदरं केंद्राच्या सूचीत. माझं गाव, गावची जमीन राज्याच्या सूचीत. मजुरीचे कायदे समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांचे. मी तीन सूच्यांत वाटला गेलेला माणूस. तिन्हीकडं मालक दुसराच.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. तपास केंद्राच्या सीबीआयकडं गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा काही लागू धरला नाही. तेव्हा नुसतं 'केंद्र, केंद्र' करूनही भागत नाही. दिल्लीही काही आपली मावशी नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो. महाराष्ट्रानं १९६० मध्ये सवलती दिल्या. दिल्लीनं आपल्याला अनुसूचित जातीत धरायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! तिथं राज्य पुढं होतं, केंद्र आडवं पडलं होतं.

बाबासाहेबांना हे कळत नव्हतं असं समजू नका. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर ते भडकले, घटना जाळणारा पहिला मीच असेन म्हणाले. प्रस्थापित हे वाक्य कधी लपवतात, कधी आपल्यावरच फेकतात. पण वाद कशावर होता ते सांगत नाहीत. नव्या राज्यात अल्पसंख्याकांना, अस्पृश्यांना संरक्षण कोण देणार, राज्यपालाला त्यासाठी अधिकार द्या, हा मुद्दा होता. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी तेच बजावलं : भाषेचं राज्य म्हणजे त्या भाषेतल्या एका मोठ्या जातीचं राज्य होऊ शकतं. मराठी राज्य आलं. जयजयकार आपणही केला. पाटील तोच दिसला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. केंद्र की राज्य, या पाट्या गळ्यात बांधून घ्यायच्या नाहीत. ज्या कामात जो गावकीच्या पकडीतून माणूस सोडवील, त्या कामात तो अधिकार त्याच्याकडं. नाही सोडवला तर दोघांच्याही दारात बसायचं.

आणि घटना डोक्यावर घेऊन नाचायचं बंद करा, हातात घ्या. १९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांत लिहिलंय : मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती, वर्षातून दोनदा बैठक, जानेवारीत आणि जुलैत. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती, दर तीन महिन्यांनी बैठक. तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसाकडं नाही. कायद्याच्या ४ थ्या कलमात, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाच शिक्षा. हा तुटलेला जिना बांधायचं सामान आहे, आणि ते धूळ खातंय.

पुढच्या २६ नोव्हेंबरला पेढे नकोत. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा. तुझ्या जिल्ह्याच्या समितीची शेवटची बैठक कुठल्या तारखेला झाली? कोण हजर होतं? किती गुन्ह्यांचा हिशेब घेतला? आलेलं उत्तर मोहल्ल्याच्या भिंतीवर चिकटव. उत्तर आलं नाही तर तेही चिकटव.

मी बुलडाण्याचा अर्ज टाकतोय. मावसभावानं यावेळी सही माझ्या कागदावर केलीय.