प्रश्नावली भरली, मुलाचे काय?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींना त्यासाठी प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. अत्याचारी व्यक्तींपैकी निम्म्या मुलांच्या ओळखीच्या वा विश्वासातल्या होत्या. हा आकडा पुढे आला नसता, तर ‘आपल्या घरांत असे काही घडत नाही’ हा भ्रम सुशिक्षित समाजाने आनंदाने जोपासला असता. तेव्हा मुलांना असले काही विचारूच नये, हा सोवळा युक्तिवाद टिकणारा नाही.

प्रश्न आहे तो विचारणाऱ्याच्या दायित्वाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. कागदावर हे उत्तम! परंतु वसतिगृहात वा बालगृहात राहणाऱ्या मुलीचा पालक कोण? संस्थेचा अधीक्षकच. ज्याच्या हाती तिचे जेवण आणि सुटी आहे, त्याने कार्यालयात बोलावून ‘या ताईंना सगळे सांग’ म्हटल्यावर ती नकार कोणत्या तोंडाने देणार? आणि त्रास त्याच भिंतींच्या आत होत असेल तर?

याहून गंभीर बाब गोपनीयतेच्या आश्वासनाची. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; न कळविल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संशोधकाला यातून सूट नाही. तरीही ‘तुझे बोलणे कोणालाही कळणार नाही’ असे मुलाला सांगितले जात असेल, तर ती शुद्ध फसवणूक होय. मूल विश्वासाने बोलते, संशोधक पदवी वा अनुदान पदरात पाडून परततो. त्या रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ कोण असते?

नीतिसमित्यांनी प्रश्नावलीतील शब्द तपासत बसण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पाहणीनंतर त्याच मुलांकडे पुन्हा जाणाऱ्या समुपदेशकाचे नाव, त्याच्या भेटींच्या तारखा, आणि कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे मुलाला पहिल्या प्रश्नाआधी ज्या शब्दांत सांगितले जाईल ते शब्द. हे नसेल तर परवानगी नाकारावी.