एका एण्टरमध्ये अकराशे

परवा ऑफिसातल्या एका नव्या पोराने मला विचारलं, "दादा, तुमचं ते टूल दर वेळी इतके प्रश्न का विचारतं? काढून टाकू का?" मी नाही म्हणालो. का, ते तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडं. वर्कफ्लो इंजिन म्हणजे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा शिपाई समजा. अर्ज आला, तपासला, पैसे पाठवले, एसेमेस गेला. यातली एकेक पायरी म्हणजे एक जॉब. पायरी अडली तर इंजिन पुन्हा करून बघतं. आम्ही वापरतो त्या कामुंडा ७ मध्ये, वेगळं काही सांगितलं नसेल तर, एकूण ३ वेळा. तरी जमलं नाही तर 'इन्सिडंट' अशी नोंद करून हात वर करतं आणि माणसाची वाट बघत बसतं.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री पैसे पाठवणारी बाहेरची सेवा दोन तास रखडली. सकाळी ११०० जॉब अडलेले. मी घाईघाईत एक टूल लिहिलं. टर्मिनलवर एक कमांड, की सगळे पुन्हा रांगेत. थोड्या वेळात आकडा शून्यावर आला. मी खुशीत चहा प्यायला गेलो.

सोमवारी कळलं, ४३ जणांना परतावा दोनदा गेला होता.

झालं होतं असं. जॉब फसला की इंजिन आपल्या डेटाबेसातले बदल मागे घेतं. बाहेर गेलेले पैसे मात्र मागे येत नाहीत. या ४३ जणांचे पैसे तिसऱ्या प्रयत्नात गेलेच होते, फक्त तसा निरोप वेळेत परत आला नव्हता. इंजिनाच्या लेखी काम झालंच नव्हतं. मी म्हटलं पुन्हा कर, त्याने केलं.

मग पैसे परत मागणारे फोन. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "चूक तुमची, आणि चोरी केल्यासारखं मला वाटतंय." यावर काय बोलणार?

कुणी म्हणेल, असलं टूलच नको, एकेक जॉब हाताने बघा. मला ते पटत नाही. तेच बटण ११०० वेळा दाबणारा माणूस पन्नासाव्या वेळी वाचत नसतो, नुसता दाबत असतो. खरा उपाय मुळातच करायला हवा. प्रत्येक व्यवहाराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरची यंत्रणा दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही. पण सगळ्याच यंत्रणा हे पाळत नाहीत. म्हणून टूलनेही शहाणं असायला हवं.

माझं टूल आता नुसत्या कमांडवर काहीच करत नाही, फक्त दाखवतं. कारणाप्रमाणे गठ्ठे पाडतं. 'तिन्ही वेळा जोडणीच झाली नाही', हे बिनधास्त पुन्हा चालवावेत. 'खाते क्रमांक चुकीचा', हे शंभरदा चालवूनही फसणारच. 'उत्तर वेळेत आलं नाही', हा खरा धोक्याचा गठ्ठा, आधी समोरच्यांकडे चौकशी करायची. एका वेळी एकच गठ्ठा, त्यातलेही आधी ५, ते नीट गेले की उरलेले. आणि शेवटी नुसतं 'हो' चालत नाही, किती जॉब चालवायचे तो आकडा टाइप करावा लागतो. 'हो' बोटांना पाठ होतं. ३१२ हा आकडा वाचल्याशिवाय टाइप होत नाही.

हे सगळं त्या पोराला काल पुन्हा नीट सांगितलं. तो म्हणाला, "पण दर वेळी दोन मिनिटं जातात हो."

जातात खरी. त्या बाईंशी मी पाऊण तास बोलत होतो.