ध्वनि आणि ध्वनिफीत

दिवाळीपूर्वीं घरांतील लांकडी कपाटाची आवराआवर चालली असतां आमच्या नातीच्या हातीं एक जुनी कॅसेट लागली. "आजोबा, हे काय आहे?" असें विचारून तिनें ती कानाशीं नेऊन हालवून पाहिली. आम्ही कांहीं सांगणार, इतक्यांत स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या, एक अक्षरहि न बोलतां त्यांनीं ती कॅसेट मुलीच्या हातून घेतली, पदरानें पुसली आणि पुन्हा होती तेथें ठेवून दिली. नातीच्या प्रश्नाचें उत्तर त्यामुळें राहून गेलें. तें येथें देत आहों.

कॅसेट ही फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत प्रथम जगापुढें मांडली. चार मिलिमीटरांहून किंचित् अरुंद अशी फीत, तिजवर लोहाच्या भस्माचा लेप, आणि सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर ही तिची चाल. साठ मिनिटांच्या कॅसेटींत सुमारें ८५ मीटर फीत मावते. अर्धा तास एका अंगास, अर्धा दुसऱ्या. १९८० च्या आगेंमागें ठाणें, डोंबिवली, कल्याण इकडील मध्यम स्थितीच्या घरांतून रेडिओ व टेप एकत्र असलेलें 'टू-इन-वन' हळूहळू शिरूं लागलें होतें. बहुधा आखातांत नोकरीस असलेला कोणी भाचा किंवा मेव्हणा तें घेऊन येई. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट नेऊन दिली कीं दोन दिवसांत भरून देणारीं दुकानेंहि असत. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें ती चोरीच होती, आणि १९८४ सालीं तो कायदा अधिक कडकहि झाला. पण आम्हां कोणाच्या तें गांवींहि नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच १९८४ सालीं आमचा साखरपुडा झाला. आम्ही डोंबिवलीस, वधूपक्ष ठाण्यास नौपाड्यांत. मध्यें रेल्वेचें पंधरा किलोमीटरांचें अंतर आणि लग्नास पांच महिन्यांचा अवकाश. आज दिवाळीच्या पहांटे फडके रोडवर जमणाऱ्या मुलामुलींस तो अवकाश कसा गेला असेल याची कल्पना यावयाची नाहीं. दोन वेळां भेट झाली, तीहि तलावपाळीवर, मधोमध धाकट्या मेहुण्यास बसवून. पत्र लिहावें तर तें प्रथम सासऱ्यांच्या हातीं पडावयाचें. कालिदासाच्या यक्षास निदान मेघ तरी होता.

नवव्या शतकांत काश्मिरांत आनंदवर्धन नांवाचे आचार्य होऊन गेले. शब्दांचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ आणि त्याच्या आडून मनांत उमटतो तो व्यंग्यार्थ. हा दुसरा जेथें प्रधान, त्या काव्यास त्यांनीं आपल्या 'ध्वन्यालोकां'त ध्वनि हें नांव दिलें. त्यांच्या उदाहरणांत कित्येक प्राकृत गाथा आहेत. अशा गाथांचा विख्यात कोश म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतांतील 'गाथासप्तशती'. हाल सातवाहनानें कोटि गाथांतून सातशें निवडल्या असें त्या कोशांतच म्हटलें आहे. (सातवाहनांच्या काळीं आमचें शेजारचें कल्याण हें नामांकित बंदर होतें, गाथा मात्र खेड्यांतल्या शेतांच्या नि नदीकांठांच्या.) गाथा कवींच्या, पण कोशास नांव लाभलें तें निवडणाऱ्याचें. दुसऱ्याचे शब्द वेंचून आपलें मन सांगण्याची युक्ति टेपरेकॉर्डरापेक्षां फार जुनी आहे.

यादी दुकानदाराच्या हातीं देण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. मावसभावाचें टू-इन-वन मागून आणलें आणि तीन रविवार त्यापुढें बसून काढले. विविधभारतीवर हवें तें गाणें केव्हां लागेल याचा नेम नसे. दोन बटणें एकदम दाबावयाच्या तयारींत बोटें ठेवून बसावें, तरी पहिलें अक्षर हातचें जावयाचें तें जाईच. उरलेलीं गाणीं शेजाऱ्यांच्या रेकॉर्ड-प्लेअरपुढें यंत्र ठेवून उतरलीं. तीन मिनिटांच्या गाण्यास तीनच मिनिटें लागत. हें काम उरकतां येण्यासारखें नसे. आमचा पुतण्या आतां मोबाइलवर दहा मिनिटांत चाळीस गाण्यांची माळ ओंवून आपल्या बायकोस धाडतो. त्यांत प्रेम नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं; ती बिचारी चाळीसहि गाणीं ऐकते.

क्रमाचा विचार आम्हीं फार केला. पहिल्या बाजूस आरंभीं दोन अभंग ठेविले, म्हणजे वडीलधाऱ्यांनीं बटण दाबलेंच तर त्यांच्या मुखावर समाधान दिसावें. मग निसर्गाचीं गाणीं. पाडगांवकरांचें 'शुक्रतारा', जें खळ्यांच्या चालीवर अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनीं गाइलें आहे, तें दुसऱ्या बाजूस तिसरें. पहिलेंच ठेवणें धिटाईचें झालें असतें. शेवटचें गाणें मध्येंच तुटलें, कारण फीत संपली. मग सुवाच्य अक्षरांत यादी लिहिली आणि कॅसेटीच्या पाठीवरील दोन चिमुकले कोपरे टांचणीनें मोडून टाकले. ते मोडले म्हणजे तिजवर दुसरें कांहीं भरतां येत नाहीं. आमच्या मतें साऱ्या कॅसेटींतील परम व्यंग्यार्थ तो होता.

तलावपाळीवर ती दिली. "काय आहे?" "गाणीं." एवढेंच संभाषण झालें. मेहुण्यास चणे घेऊन दिले.

लग्नानंतर आठ दिवसांनीं, सत्यनारायण आटोपल्यावर, आम्हीं सहज म्हणून विचारलें, "कॅसेट आवडली का?" त्यावर ती म्हणाली, "मी ऐकलीच नाही. आमच्याकडे टेप कुठे आहे?" माहेरीं टेप नव्हता आणि शेजारीं लावावयास देणें म्हणजे साऱ्या चाळीस पत्र वाचून दाखविणें. "आणि अहो, ती मागून तुटलीय, दुकानदारानं फसवलं तुम्हाला," असेंहि तिनें सांगितलें. परम व्यंग्यार्थाची ही गत! पण यादी तिला तोंडपाठ होती. क्रमासकट. पांच महिने रेडिओवर त्यांतलें एखादें गाणें लागलें कीं हातांतलें काम ठेवून ती उभी राही, आणि हें ठाण्यास आमच्याकडूनच आलें असें मनाशीं धरी. आईनें विचारलें तर म्हणे, "काही नाही, पाय अवघडला." साऱ्या महाराष्ट्रासाठीं लागलेलें गाणें, त्यांतलें तिला जें ऐकूं येई तें इतर कोणास येत नव्हतें. आम्हीं विद्यार्थ्यांस पुढें कैक वर्षें ध्वनि शिकविला, पण हें उदाहरण वर्गांत कधीं देतां आलें नाहीं.

त्याच संध्याकाळीं मावसभावाचें यंत्र पुन्हा आणून हलक्या आवाजांत ती लाविली. चौथ्या गाण्याच्या मध्यावर, सतारीवर, अचानक एक खणखणीत हांक आली: "अरे, नळ चाललाय! बादली भरून ठेव!" शेजाऱ्यांकडे ध्वनिमुद्रण चाललें असतां आमच्या आईनें दारांतून मारलेली ती हांक फितींत उतरली होती. आई तेव्हां स्वयंपाकघरांत होती. हात पुशीत बाहेर येऊन ती म्हणाली, "ही कोण बाई ओरडते आहे?" आपलाच आवाज तिला ओळखतां आला नाहीं. सून नवी होती, तरी तिला हंसूं आवरेना. मग आईसहि आवरेना.

आई जाऊन आतां एकोणीस वर्षें झालीं. कॅसेटींतलें प्रत्येक गाणें आज मोबाइलवर मिळतें, पहिल्या अक्षरासकट. आईचा आवाज दुसऱ्या कोठेंहि नाहीं. फितीमागची नमद्याची गादी निखळली आहे, आणि चाळीस वर्षांची फीत यंत्रांत अडकून तुटण्याचें भय आहे. ठाण्यास एक गृहस्थ अशा फितींवरील आवाज संगणकावर उतरवून देतात. दोन दिवस ठेवून जा, असें त्यांनीं सांगितलें आहे. हें सौभाग्यवतींच्या कानांवर घातलें. त्या कपाटापाशींच उभ्या होत्या. "दोन दिवस कशाला? त्यांना म्हणावं, यंत्र घेऊन इथे या, जेवायलाच या," असें त्या म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली कनवटीस लावून आंत गेल्या.