राखणदाराला अर्धा पगार

‘ऑफ सीझन’ हा शब्द ज्यानं कोकणात आणला, त्यानं एक तरी पावसाळा किनाऱ्यावर काढायला हवा होता. जून लागला की रिसॉर्टला कुलूप आणि राखण करणाऱ्याचा पगार अर्धा. का, तर गिऱ्हाईक नाही म्हणून काम नाही. आमच्या देवगडकडे सड्याच्या पोटाला, पुळणीला लागून अशी काही ठिकाणं आहेत, जिथं गावातून तासभर पायी जावं लागतं. मधे व्हाळ आहे. त्याला पाणी चढलं की पलीकडचा माणूस पलीकडेच. तिथं एकजण चार महिने एकटा राहतो आणि मालक म्हणतात, ‘पावसात तिथं नुसतं झोपायचंच तर असतं.’

मी अशा जागी सहा पावसाळे काढले. घरची लावणी बायकोनं आणि भावानं उरकली. तेव्हा हे झोपणं कसं असतं ते मी सांगू शकतो.

वारा फिरला की कौल सरकतं. तुम्ही म्हणाल, सरकलं तर सरकलं. पण दोन दिवस कळलं नाही तर रीप भिजते, मग वासा कुजायला लागतो, आणि दिवाळीत मालक आले की सुताराचं बिल बघून कपाळाला हात लावतात. म्हणून पाऊस ओतत असताना बॅटरी तोंडात धरून शिडीवर चढायचं. खाली शिडी धरायला कोणी नाही. वाळवी एका रात्रीत भिंतीवर मातीची रेघ ओढते, ती सकाळी खरवडून रॉकेल लावायचं. वीस-बावीस गाद्या. उघडीप मिळाली की बाहेर काढायच्या, ढग दिसला की आत. जुलैत हे एका दिवसात चारदा झालंय. खाऱ्या वाऱ्यानं विजेच्या बोर्डातल्या तारा हिरव्या पडतात, त्या पुसायच्या. जनरेटर आठवड्यातून एकदा फिरवायचा, नाहीतर तो गणपतीपर्यंत बसतो. चपलेत पाय घालण्याआधी ती झटकायची, कारण फुरसं कोरडी जागा शोधत येतं आणि आमच्या भागात त्याला तोटा नाही.

खरं तर अशा घरात रोज चूल पेटायला हवी. धुरानं लाकूड टिकतं, हे माझ्या आजीला कळत होतं. मालकांची मात्र सक्त ताकीद, आत धूर करायचा नाही, रंग काळा पडतो. मग रंग टिकला आणि पाचव्या वर्षी आढ्याला किडा लागला.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र पुळण कापत वर येतो. पायऱ्यांखालची वाळू गेली की पायऱ्या अधांतरी. पोत्यात वाळू भरून लावायची आणि सकाळी बघायचं, किती उरली. हाक मारावी तर समुद्रावरही कोणी नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्या सगळ्या खाडीत.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या समोरून गेलं. तेव्हा लॉकडाऊनमुळे रिसॉर्ट आधीच बंद होतं, आत मी एकटा. माड स्वयंपाकघरावर पडला. संडासाला स्लॅब होता म्हणून रात्रभर त्याखाली बसून राहिलो. वीज गेली, फोन गेला. सहाव्या दिवशी सड्यावर चढून गेलो तेव्हा रेंज मिळाली. मालकांनी पहिलं विचारलं, ‘सोलरच्या पाट्या शाबूत आहेत ना?’ होत्या. मग म्हणाले, जूनपासून पगार नेहमीसारखा अर्धा, यंदा धंदाच नाही.

धंदा नव्हता हे खरं, मी नाकारत नाही. पण ज्या वर्षी मे महिन्यात एक खोली रिकामी नव्हती, त्या वर्षीही जूनपासून अर्धाच दिला. तेव्हा हे धंद्याचं कारण मला पटत नाही. आम्ही हापूसवाले. आमच्या कलमाचे पैसे येतात मार्च ते मे. खत घालायचं जूनमध्ये, कल्टार जुलै-ऑगस्टला. आता मी जर म्हटलं की कलम पावसाळ्यात पैसे देत नाही म्हणून मीही त्याला काही देणार नाही, तर मोहर माझ्या बापानं आणायचा काय?

कायद्याचं म्हणाल तर २०२५ पर्यंत किमान वेतनाचा कायदा होता १९४८ चा. २०१७ साली दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा आला, त्यात तेव्हा दहा कामगारांची अट घातली होती. आमच्याकडे पावसात असतो एक. तो कुठल्या खात्यात जाऊन उभा राहणार, आणि तेवढ्यात कौलं कोण बघणार?

१९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून भाषणांत रस्ते आले, विमानतळ आला, होम स्टे आले. पावसात त्या घरांची कौलं कोण धरून ठेवतो, त्याचं नाव एकाही भाषणात मी ऐकलं नाही.

यात गाववालेही कमी नाहीत. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. वर्षाला त्याला नारळ, कोंबडा, जे ठरलं असेल ते द्यावंच लागतं. शहरातले मालकसुद्धा हे शिकलेत. भूमिपूजनाला विचारून विचारून राखण देतात, कारण राखणदार रागावला तर काय होईल याची भीती. त्याला कोणी म्हणत नाही की पाऊस लागला, आता अर्धाच नारळ घे. आणि जो हाडामांसाचा राखणदार आहे, तो चार हजारांसाठी भांडला की गावातलेच म्हणतात, ‘मेल्या, गप रव, हातचा जायत.’

माझा पुतण्या आता त्याच ठिकाणी आहे. महिना बारा हजार, जूनपासून सहा. परवा घरी येऊन म्हणाला, ‘काका, मिया तेंका सांगलंय, बारा म्हयने पुरो पगार देतलात तर रवतंय, नायतर चाव्यो घेवन जावा.’ गावातल्या आणखी दोघांना मी जाऊन भेटलो, या किमतीत तिथं राहायला जाऊ नका म्हणून सांगितलं. एकानं मान हलवली. दुसऱ्याचा मुलगा बारावीला आहे, तो काही बोलला नाही.

मालकांचा फोन अजून आलेला नाही. मृग आठ दिवसांवर आहे आणि त्या घराची कौलं यंदा शाकारायची राहिलीत.