मातीतले राखणदार

हरभरा ऐन फुलोऱ्यात असताना उभी झाडे वाळू लागतात. शेतकरी याला ‘मर’ म्हणतो. या रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते. वरच्या फवारणीने ती हटत नाही. परंतु तिला अडविणारे राखणदारही मातीतच असतात. स्यूडोमोनास व बॅसिलस हे जिवाणू मुळांभोवती वस्ती करून बुरशीला मारक द्रव्ये स्रवतात. स्यूडोमोनास तर तिच्या तोंडचे लोहही पळवितात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सलग गहू पिकविलेल्या शेतांतून मुळे कुजविणारा एक रोग काही वर्षांनी आपोआप ओसरला. हे श्रेय प्रामुख्याने स्यूडोमोनासचे, असे संशोधकांनी दाखविले. तीच माती तापवून निर्जंतुक करताच तिचे सामर्थ्य लोपले.

तेव्हा प्रश्न विज्ञानाचा नाही, व्यवस्थेचा आहे. हे जिवाणू सजीव आहेत. त्यातही स्यूडोमोनासला उष्णता मुळीच सोसत नाही. पत्र्याच्या तापलेल्या गुदामात उन्हाळा काढलेल्या पुडीत मग निव्वळ भुकटी उरते. कायद्याने नोंदणी सक्तीची केली खरी. पण नोंदणीचा शिक्का जिवाणूंना जिवंत ठेवीत नाही. कारखान्यातील नमुन्याइतकीच दुकानातील पुडीचीही तपासणी व्हावयास हवी, थंड साठवणुकीची सोय तालुक्यापर्यंत पोचावयास हवी. अन्यथा एकदा फसलेला शेतकरी दुकानदाराला नव्हे, शास्त्रालाच बोल लावील. आणि तो गमावलेला विश्वास कोणत्याही अनुदानाने परत मिळणार नाही.