ओढ्याला भिंत नको, उतार द्या

‘उद्यानातला ओढा काँक्रीटने बांधून काढा’ हे वाचकपत्र वाचले. काठ ढासळतो आहे ही तक्रार रास्तच. उपाय मात्र पटला नाही.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट आपल्या चौक गावातूनच माथेरानचा डोंगर चढले. त्या डोंगरावरून जुलैत पाणी कसे धावत येते, हे चौककरांना काय सांगायचे! अशा पाण्याला गुळगुळीत भिंतींत कोंडले की वेग वाढतो. ते तळ खरवडते, पाया उघडा पाडते आणि भिंत संपते तिथला काठ घेऊन जाते. मुंबईत २००५च्या पुरानंतर मिठी नदीला भिंती घातल्या, पण कुर्ल्याचे तुंबणे थांबले का?

पुलाखाली, घरांलगत भिंत हवीच. उद्यानात मात्र जागा आहे. उभा काठ छाटून त्याला ऐसपैस उतार द्यावा. पायथ्याशी मोठे दगड अर्धे जमिनीत गाडावेत, नुसते रचलेले पहिल्या लोंढ्यात जातात. पाण्यालगत शेरणीची झुडपे, वर वाळा आणि निर्गुडी, त्याहून वर करंज, उंबर लावावेत. शेरणी पुरात आडवी होते, तुटत नाही; तिची मुळे गोट्यांच्या फटीत घट्ट बसतात. (ही रोपे फुकट मिळतात, म्हणून ती अंदाजपत्रकात दिसत नसावीत.)

आणि बांधकामासाठी पात्रातले गोटे उचलणे आधी बंद व्हावे. ग्रामपंचायतीने दगडांचे काम मेअखेर उरकावे, लागवड पहिल्या पावसावर करावी.

– एक वाचक, चौक (ता. खालापूर)